अठ्ठावन्न नंबर

कुरातासाहेब पहिल्यांदा आमच्या बेटावर आले ते फेरीबोटीतून उतरून धक्क्यावर ओकलेच. मी मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्यात काम करते, तेव्हाही करत होते. फोडलेल्या बर्फाचा एक खडा मी त्यांच्या हातात दिला. तो कपाळाला लावून त्यांनी विचारलं, "हामाबे ताकुमाचं घर कुठलं?"

"मी त्याची थोरली बहीण. काय केलंय त्यानं?"

"चेंडू फार जोरात टाकतो," ते म्हणाले आणि पुन्हा धक्क्याच्या कडेला धावले.

ते एका मोठ्या बेसबॉल क्लबचे माणूस होते. गावोगावच्या शाळा फिरून होतकरू मुलं हेरायची आणि क्लबला कळवायची, हे त्यांचं काम. गावानं लगेच त्यांचं नाव 'हेर' ठेवून टाकलं. ताकुमा शाळेत असेपर्यंत हेर येत राहिले. जाळीमागे गवती टोपी घालून बसायचे. सगळं गाव ओरडत असताना यांची टाळी म्हणून कधी वाजली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी टाळी वाजवली की दुसऱ्या क्लबांच्या माणसांचे कान टवकारतात."

आमचे बाबा, गेन्जो, माकुलाची मासेमारी करायचे. स्वतःची बोट होती, तिचं नाव 'चिसातो-मारू'. चिसातो म्हणजे मी, 'मारू' बोटीच्या नावामागे लावतात. बाबांना बेसबॉल आवडायचा, पोरगा नेणारा माणूस आवडत नव्हता. हेर घरी आले की बाबा बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसायचे. एकदा मात्र आईनं त्यांना ओढून आणलं.

"काय साहेब," बाबा म्हणाले, "आम्ही मासा पारखतो तशी तुम्ही पोरं पारखता म्हणे."

"तसंच काहीसं. फक्त माशाच्या आईबापांना भेटायला जावं लागत नाही."

बाबांना हसू आवरलं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं माकूल कापून साहेबांना वाढलं. जाताना म्हणाले, "न्या. पण पोरगं भोळं आहे, तोंडावर गोड बोलणाऱ्यांच्या हाती देऊ नका."

सगळे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी शाळेच्या सभागृहात टीव्ही लावला होता. वार्ताहर आले होते, मुख्याध्यापकांच्या खिशात भाषण तयार होतं. सगळ्या क्लबांनी आळीपाळीनं नावं पुकारली. ताकुमाचं नाव आलं नाही. वार्ताहरांनी कॅमेरे पिशवीत भरले, फेरीची वेळ झाली होती. मुख्याध्यापक ताकुमाच्या खांद्यावर थोपटून निघून गेले. ताकुमा कुणाकडे न बघता खुर्च्या मिटायला लागला.

टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं म्हणून बरं. मुख्य निवड संपल्यावर शिकाऊ मुलांची निवड होते. त्यांच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो, आणि वरच्या संघात त्यांना खेळवत नाहीत. त्या यादीच्या अगदी शेपटाला कुरातासाहेबांच्या क्लबनं नाव घेतलं, हामाबे ताकुमा. आईनं अशी किंकाळी फोडली की ताकुमाच्या हातातली खुर्ची खाली पडली.

बाबा धक्क्यावर होते. मी धावत जाऊन सांगितलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"शेवटून मोजलं तर लवकर येतो, बाबा."

ते हसले, नाक पुसलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आज जेवायला उशीर होईल." मग एकटेच बोट घेऊन बाहेर गेले. मासे धरायला गेले नव्हते, कारण रात्री माकुलं ज्यांच्या उजेडाला येतात ते दिवे घरीच राहिले होते.

ताकुमा गेला. शिकाऊला मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात जुलैअखेरपर्यंत कधी वरच्या संघात घेतलं तर दोन आकडी नंबर मिळतो. नाही घेतलं तर बहुतेकांना तिसऱ्या वर्षी घरी पाठवतात. पहिली दोन वर्षं त्याची तालीम करण्यात आणि खांदा दुखवून घेण्यात गेली. तिसऱ्या वर्षी चेंडूला अशी धार आली की फोनवरसुद्धा त्याचा आवाज बदललेला कळायचा.

आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला बाबांच्या पोटात दुखायला लागलं. आई त्यांना नागासाकीच्या इस्पितळात दाखवून घेऊन आली. बाबांनीच सांगून टाकलं, "स्वादुपिंड म्हणे. मला तर असा काही अवयव असतो हेच माहीत नव्हतं." मग आवाज बदलून म्हणाले, "जुलैअखेर त्याचा निकाल आहे. तोवर त्याच्या कानावर गेलं तर याद राखा दोघी."

आम्ही तोंड बंद ठेवलं. रविवारी ताकुमाचा फोन यायचा तेव्हा बाबा उठून बसायचे, खांबाला धरायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "काय रे, अजून चेंडू बाहेरच टाकतोयस का?" फोन ठेवला की आई त्यांच्या पाठीचा घाम पुसायची.

जुलैत कुरातासाहेब शेजारच्या बेटावर एक पोरगा बघायला आले होते. जाता जाता आमच्याकडे डोकावले, तर बाबा अंथरुणावर. त्यांची हाडं वर आली होती.

"साहेब, तुम्ही काही बघितलं नाही," बाबा म्हणाले. "ताकुमाला बोलायचं नाही. शब्द द्या."

कुरातासाहेब "काळजी घ्या" म्हणाले आणि उठले. शब्द काही दिला नाही.

धक्क्यावर त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"ऑगस्टातला बोनचा सण बघतील म्हणतात. पुढचं सांगत नाहीत."

त्यांनी टोपी काढली. "माझे वडील गेले तेव्हा मी कुठल्याशा गावात एका पोराचा खेळ बघत होतो. त्या पोराचं नाव आता मला आठवत नाही."

पुढच्याच आठवड्यात दुपारच्या फेरीतून ताकुमा उतरला. मागून कुरातासाहेब, तोंड हिरवं पडलेलं. दुसऱ्या दिवशी वरच्या संघाचे मॅनेजर स्वतः खेळ बघायला बसणार होते आणि चेंडू ताकुमाच्या हातात असणार होता. ते सगळं सोडून तो आला होता.

बाबांनी त्याला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"त्या हेराला हाकला," एवढंच म्हणाले.

कुरातासाहेब आत आलेच नाहीत. अंगणातल्या खडीवर उन्हात गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावलं, आणि आल्या फेरीनंच परत गेले. आईनं पाण्याचा पेला भरला होता, तो तिच्या हातातच राहिला.

त्या दिवशी बाबा ताकुमाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडेच बघत म्हणाले, "भात खाल्लास का?"

"खाल्ला."

"मग निघ. अजून वेळ आहे."

"उद्या जातो, बाबा."

असं तो रोज म्हणायचा. रोज त्यांना उचलून ओसरीवर आणायचा, तिथून धक्का दिसतो. बाबा त्याला कुणाचं इंजिन कसं वाजतंय ते सांगायचे. तिकडे त्याच्या जागी दुसऱ्या मुलानं चेंडू टाकले आणि छान टाकले. हे ताकुमानं मला बर्फखान्यात येऊन सांगितलं. "चांगला पोरगा आहे गं ताई. त्याच्यावर राग पण धरता येत नाही."

जुलैच्या शेवटच्या दिवशी बाबांचा एकच धोशा. "आला का फोन?" दुपारी ताकुमा फोन घेऊन घरामागे गेला. मी तिथेच दोरीवरची माकुलं उलटत होते. फोन वाजला नाही, त्यानंही कुणाला लावला नाही. नुसता हातात धरून उभा राहिला. मग तोंडावर पाणी मारलं आणि आत गेला.

"झालं, बाबा."

"काय झालं?"

"घेतलं मला. वरच्या संघात."

बाबा कोपरावर उठायला बघत होते. "नंबर?"

ताकुमा क्षणभर अडला. "अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अठ्ठावन्न." आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला. मी दारात उभी होते. मी एक खरा शब्द बोलले असते तर ते तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, "बघा, मी म्हणत नव्हते?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाबा येईल त्याला सांगत होते. किराणावाल्या सादाकोआजीनं लाल चवळी घातलेला शुभकार्याचा भात करून आणला. दुसऱ्या दिवशी पेपरात ताकुमाचं नाव नव्हतं, हे साऱ्या गावानं वाचलं होतं. तरी न्हावी बाबांची दाढी करायला आला तेव्हा म्हणाला, "शहरातले पेपरवाले, गेन्जो, आपल्या बेटाचं नाव छापायचं म्हटलं की त्यांची शाई संपते." बाबा इतके हसले की वस्तरा बाजूला घ्यावा लागला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं.

इथवर सगळं निभावलं होतं. मग बाबांनी मोरिताकाकांना बोलावलं. ते बाबांचे लहानपणापासूनचे जोडीदार, त्यांचा मुलगा नुकता हाताशी आला होता.

"मोरिता, माझी बोट तू घे."

मोरिताकाकांनी बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं, मग ताकुमाकडे. "घाई काय आहे, गेन्जो?"

"इथे पडून कुजवायची का? मी तर चाललो. आणि अठ्ठावन्न नंबरवाला काय माकुलं धरायला येणार आहे?"

"बाबा," ताकुमा म्हणाला, "राहू द्या ना. सुट्टीत आलो की…"

"सुट्टीत खांदा सांभाळ. दोर ओढून वाट लावशील त्याची."

ताकुमा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. बाबांनी कागद मागवले आणि सहीचा शिक्का उमटवला. मग म्हणाले, "आता मोकळा झालो." फार दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

बोनच्या सणात, पितर घरी येतात म्हणतात त्या दिवसांत, भर दुपारी ते झोपेतच गेले. ताकुमाचा हात त्यांच्या हाताखाली होता. त्यानं तो आई आल्यावरही काढला नाही.

अंत्यविधीला कुरातासाहेब आले आणि सगळ्यात मागे उभे राहिले. त्यांना गावात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आमच्या शेजारचे एक म्हातारे त्यांचे हात धरून सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "साहेब, नंबर दिलात, फार उपकार झाले. गेन्जो सुखानं गेला." कुरातासाहेबांनी ताकुमाकडे बघितलं. ताकुमानं मान खाली घातली. मग साहेब कमरेत वाकले आणि म्हणाले, "द्यायला उशीर झाला. माफ करा."

ऑक्टोबरात क्लबनं ताकुमाला मोकळं केलं. एक पिशवी घेऊन तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोरिताकाकांच्या दारात उभा राहिला. काय बोलणं झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं.

"काका, बोटीवर हाताखाली घ्याल का?"

"हाताखाली कसला? तुझीच बोट आहे, घेऊन जा. तुझ्या बापाचं मन राखायला घेतली होती मी. कागद फाडू."

"नको."

"अरे, वेडा आहेस का?"

"बाबांनी ती अठ्ठावन्न नंबरवाल्याचा बाप म्हणून दिलीय. मी परत घेतली तर त्यांना फसवलं असं होईल. सध्या नुसतं खोटं बोललोय."

मोरिताकाका रडले म्हणे. ताकुमा रडला नाही. तेव्हापासून तो बापाच्या बोटीवर दुसऱ्याचा गडी म्हणून जातो. मोरितांच्या मुलाला सुकाणू धरायला त्यानंच शिकवलं, आणि तो मुलगा वयानं लहान असूनही ताकुमा त्याला 'मालक' म्हणतो. सुरुवातीला थट्टेनं म्हणायचा, आता सवयीनं. बोटीचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा काका माझ्याकडे संकोचून आले. मी म्हटलं, "बदला की. माझं काय अडलंय?" रंगवताना मात्र बघायला गेले नाही.

ताकुमा हसतो, गावात सगळ्यांशी बोलतो. फक्त उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर सामने सुरू झाले की तो त्या रस्त्यानं जात नाही, लांबून स्मशानाच्या चढानं घरी येतो. आई एकदा माझ्याजवळ म्हणाली, "ह्यांनी मरताना सुख नेलं. नेलेलं कुणाच्या ताटातलं होतं ते ह्यांना कळलं नाही, हेच बरं." बापलेक दोघांच्या ताटात पुरेल एवढं नव्हतंच बहुधा.

गेल्या वसंतात कुरातासाहेब पुन्हा आले. केस पार पांढरे झालेत. बाबांच्या थडग्यावर पाणी घालून ते ताकुमाबरोबर धक्क्यावर येऊन बसले. मी बर्फखान्याच्या दारात पाट्या धूत होते.

"एक विचारू?" साहेब म्हणाले. "त्या दिवशी मी तुला सांगितलं नसतं, तर?"

ताकुमा जाळ्याचं एक भोक सांधत होता. त्यानं सुई ओढून गाठ मारली.

"तर तुम्हाला जन्मभर शिव्या दिल्या असत्या."

"आणि आता?"

"आता कधीकधीच देतो."

कुरातासाहेब हसले. हसता हसता त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही. ताकुमा शेजारी बसून जाळं सांधत राहिला. फेरीचा भोंगा झाला तेव्हा त्यानंच त्यांना हाताला धरून उठवलं, फळीवरून बोटीत नेऊन बसवलं, आणि म्हणाला, "मधोमध बसा साहेब, तिथे कमी हलतं."