म्हसोबाचा शेंदूर

पैज लागली ती वहिनीच्या पोटावर.

दत्तूचं म्हणणं, नवसावहिनीला काय झालेलं नाय, नुसती नाटकं. शेजारच्या भिकाचं म्हणणं, बाई खरंच दुखण्यात हाय.

"सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं क्लिअर! झेंडू तोडायचा म्हटलं की बरोबर कळ येती," दत्तू म्हणाला. "आजार निघाला ना, तर लुगडं नेसून फूलबाजारात माळा ओवत बसंन!"

"मंजूर. पदर डोक्यावरून घ्यायचा पण!"

ओट्यावरचे सगळे खिदळले. आतल्या खोलीत नवसाबाई पोटाशी उशी आवळून पडली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

तिचा नवरा, दत्तूचा भाऊ रावजी, टेम्पो घेऊन सुरतेला गेलेला, म्हणून इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला दत्तूनंच नेलं.

"मॅडम, नाटकावर औषध हाय का?" शिरल्या शिरल्या त्यानं सोडलं.

बाई हसल्या नाहीत. पोट दाबून पाहिलं, मग म्हणाल्या, "हात समोर धरा."

वहिनीनं धरले. दोन्ही मनगटं खाली लोंबली.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. माळेची गाठ बसत नाय. सांगू कुणाला? पोटाचंच कोण खरं मानत नाय."

दत्तूच्या ओठावर आलेला विनोद तिथंच वाळला.

बाईंनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरडीवर काळीनिळी रेघ होती. "जेवणाशिवाय तोंडात काय जातं?"

वहिनी लाजली. "बांधावरच्या म्हसोबाला दर शनिवारी शेंदूर चोपडते. ते हात धुवत नाय, देवाचा शेंदूर मोरीत जातो ना. चिमूटभर जिभेवर ठेवते. पोट दुखायला लागल्यापासून तर रोजच."

"बाजारच्या शेंदरात शिसं असतं हो. विष ते. सोनोग्राफीत कसं दिसणार?"

रक्ताच्या रिपोर्टात शिसंच निघालं. पोट दुखायचं थांबेल, बाई म्हणाल्या. हातांचं मात्र सांगता येत नाही, फार उशीर झालाय.

रिक्षात वहिनी एवढंच बोलली, "म्हंजे जेवढं दुखायचं, तेवढं मी जास्त खायची, भाऊजी."



पुढच्या बाजाराच्या दिवशी दत्तू हिरवं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन फूलबाजारातल्या तिच्या जागेवर माळा ओवत बसला. पोरांनी मोबाइल काढले, शिट्ट्या पडल्या. भिका तेवढा हसला नाही. वहिनी शेजारी बसलेली. सवयीनं तिनं एक झेंडू उचलला, तो बोटांतून गळून पडला. परत उचलला, परत पडला.

मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि दत्तूच्या माळेकडं पाहिलं.

"सैल पडली गाठ, भाऊजी. दोरा आधी बोटाला गुंडाळा."

दत्तूनं गाठ सोडली आणि पुन्हा घातली.