भगवंतरावांनी केलेली तक्रार

आदिलाबादच्या भाजीबाजारात भगवंतरावांच्या वांग्यांस जेवढे गिऱ्हाईक होते, त्याहून अधिक त्यांच्या गप्पांस होते. तामसी मंडलातील आपल्या गावाहून ते सकाळच्या गाडीने माल घेऊन येत, आणि पोत्यांची तोंडे सोडता सोडताच आदल्या दिवसाचा समग्र वृत्तांत शेजाऱ्यापाजाऱ्यांस निवेदन करीत. अलीकडे त्या वृत्तांतात एकच विषय प्रमुख झाला होता. त्यांची कन्या प्रणिता वकील झाली होती.

ही गोष्ट साधी नव्हती. त्यांच्या भावकीतून आजवर कोर्टाची पायरी जे कोणी चढले, ते वादी म्हणून तरी चढले किंवा प्रतिवादी म्हणून तरी. काळा कोट घालून चढणारी प्रणिता पहिलीच. वरंगळास राहून तिने कायद्याचे शिक्षण पुरे केले, सनद घेतली, आणि घरी येऊन तो कोट खुंटीवर टांगला. परंतु सनद हाती आली म्हणजे वकिली हाती आली, असे होत नाही. कोणा जाणत्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून ह्या विद्येस धार येत नसते. प्रणिताने हैदराबादच्या पुष्कळ कचेऱ्यांस मोबाइलवरून अर्ज धाडले. एकाचेही उत्तर आले नाही. शेवटी तिने तोच अर्ज आदिलाबादच्या विनोदिनीबाईंकडे नेऊन दिला.

विनोदिनीबाई म्हणजे कोर्टात जुने आणि मोठे नाव. त्यांनी अर्ज वाचला व चष्मा काढून ठेवला.

"हाच अर्ज हैदराबादलाही पाठवलास ना?" त्या म्हणाल्या. "ह्यात लिहिलंय, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे. इथे मी आहे, एक गुमास्ता आहे आणि एक पंखा आहे. ह्यातली संस्था कोणती?"

प्रणिताने अर्ज परत घ्यावयास हात पुढे केला.

"सगळ्यांना एकच अर्ज पाठवणाऱ्याला सगळे एकच उत्तर देतात. कागद बाजूला ठेव. माझ्याकडेच का यायचं, ते तोंडाने सांग."

तेव्हा प्रणिता म्हणाली, "तुमच्याकडे येणारा माणूस घरात मराठी बोलतो, ऑफिसात तेलुगू कागदावर सही करतो आणि त्याचा निकाल इंग्रजीत लागतो. मधल्या मधे त्याचं म्हणणं हरवतं. मला तिन्ही भाषा येतात. ते हरवलेलं मला शोधता येईल."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत येऊन बस. नंतर ठेवायचं की नाही ते सांगेन. कायदा तू शिकलीस. इथे ऐकायला शीक, आणि ऐकलेलं इथेच ठेवायला शीक."

ही सारी हकीकत प्रणिताने घरी सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती सर्व बाजाराने ऐकली. पंख्याचा मजकूर तर भगवंतरावांनी दोनदा सांगितला.

आता घराचे सारे लक्ष दिवाळीकडे लागले. बाईंनी ठेवून घेतले तर मुलीचे आयुष्य मार्गी लागले. न घेतले तर पुन्हा हैदराबादचे मुके दरवाजे. प्रणिताची आई प्रयागबाई उघड काही बोलत नसत, परंतु देवापुढे दिवा लावताना त्यांचे हात जरा अधिक वेळ जोडलेले राहत.

अशातच एके सकाळी अमृतराव भगवंतरावांच्या ओट्यावर येऊन बसले. अमृतरावांचे बाजाराच्या तोंडाशी अडतीचे दुकान होते आणि उभयतांची मैत्री मिसरूड फुटण्याआधीची. अमृतरावांचा धाकटा भाऊ पंकज याने त्या दुकानात अर्धा वाटा मागण्यासाठी दावा लावला होता. त्याचे वकीलपत्र होते विनोदिनीबाईंकडे.

"भगवंता, एक काम हाय," अमृतरावांनी चहाचा कप पुढे सरकवला. "पंकज्याची फाइल तुह्या पोरीच्या बाईकडं हाय."

"असन. मंग?"

"मंग काय मंग. तो तडजोडीले येऊन राह्यला का शेवटवर लढून राह्यला, येवढंच पाह्यजे. कागद नको, काई नको."

"येवढंच ना?" भगवंतरावांनी कप उचलला. "उद्या सांगतो. पोरगी माह्याच घरी जेवते."

ह्या वचनात भगवंतरावांस काही वावगे दिसले नाही. त्यांच्या घरी जेवणाच्या ताटावर कोणतीही गोष्ट झाकलेली राहत नसे. बैल कोणी विकला, सोयरीक कोठे मोडली, मंडल ऑफिसात साहेब कोणावर रागावला, सर्व काही भाकरीबरोबर वाढले जाई. तोच त्या घराचा रिवाज होता.

सायंकाळी सर्व जेवावयास बसले. प्रयागबाईंनी अंबाडीची भाजी वाढली. भगवंतरावांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "काय व परणिता, त्या पंकजच्या दाव्याचं काय चालून राह्यलं?"

प्रणिताने भाकरीचा तुकडा मोडला. "बाबा, ऑफिसचं मले नका इचारू."

"मी काई बाहेरचा हाव का?"

"ऑफिसच्या बाहेरचेच ना, बाबा."

प्रयागबाईंनी पदर तोंडाशी नेला. "घ्या. पोरीची पह्यली केस घरातच उभी राह्यली, अन् तुमी हारले."

मुलीने आपणांस नाही म्हटले, ह्याहून ते बायकोसमक्ष म्हटले, ह्याचे भगवंतरावांस अधिक लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी युक्ती योजिली. "तोंडानं नको सांगू," ते म्हणाले. "तडजोड असन तं निस्ती मान हालव. मान हालवल्यानं काई कायदा मोडत नाई." त्यावर प्रणिताने मान इतकी ताठ धरली की पाणीसुद्धा ती मान न हलवता, पेला ओठांशी धरून घोट घोट प्याली.

मग भगवंतरावांनी अबोला धरला. मुलीने "येते बाबा" म्हटले की ते कोबीकडे पाहत. मुलीने डबा धुऊन ठेवला की ते तोच डबा पुन्हा धूत. इकडे बाजारात अमृतराव रोज येता जाता विचारीत, "काय गड्या, पोरगी तुह्याच घरी जेवते ना अजून?" आणि आजूबाजूचे ओटे हसत. ज्या माणसास बाजारात बोलावयास विषय कधी कमी पडला नाही, तो माणूस आता पोती लवकर बांधू लागला.

पुष्कळ विचारांती भगवंतरावांनी एक निष्कर्ष काढला. पोरगी मुळात वाईट नाही. ती बाईंस भिते. बाईंनीच परवानगी दिली, म्हणजे तिचे तोंड मोकळे होईल. हा विचार त्यांस इतका सरळ वाटला की इतके दिवस तो सुचला कसा नाही, ह्याचेच त्यांस नवल वाटले. इस्त्रीचा सदरा घालून व पिशवीत निवडक वांगी घेऊन ते कोर्टाच्या रस्त्यावरील विनोदिनीबाईंच्या कचेरीत दाखल झाले.

गुमास्त्याने त्यांस आत नेले. प्रणिता आतल्या खोलीत काही लिहीत बसली होती. दार लोटलेले होते.

"बाईसाहेब, तक्रार हाय," भगवंतराव म्हणाले.

"बसा. कोणाविरुद्ध?"

"माह्या पोरीविरुद्ध. परणिता. घरात तोंडच उघडत नाई."

"काय विचारलंत तुम्ही तिला?"

भगवंतरावांनी काहीही हातचे न राखता सर्व कथन केले. अमृतरावांचा चहा, पंकजचा दावा, दिलेले वचन, आणि शेवटी विनंती. "तुमी तिले परवानगी द्या. मंग ती सांगन."

बोलता बोलता त्यांचे लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेले. तो चेहरा हळूहळू दगडासारखा झाला होता. त्या क्षणी भगवंतरावांस उमगले की आपण काय केले. विरुद्ध पक्षाच्या माणसासाठी आपण ह्याच कचेरीतली बातमी मागत होतो, आणि ते ह्याच कचेरीत येऊन, आपल्या तोंडाने, मुलीचे नाव घेऊन सांगितले. ज्या भाकरीची घरदार वाट पाहत होते, तिच्यावर आपणच पाणी ओतले. त्यांनी वांग्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "चूक माही हाय. तिनं काईच नाई सांगतलं. एक शब्द नाई. मान बी नाई हालवली. म्हून तं मी आलो. सांगतलं असतं तं कायले येतो?"

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"शेवटचं. मान नाही हलवली, ते."

"नाई हालवली. पानी बी मान ताठ धरून पेली."

विनोदिनीबाईंच्या तोंडावरचा दगड फुटला. त्या हसल्या, मोठ्याने नव्हे, पण बाहेरच्या गुमास्त्याने डोकावून पाहावे इतपत.

"भगवंतराव, उमेदवार माझ्याकडे येतात ते गुरुजींची शिफारस घेऊन येतात. कोणी आमदाराची चिठ्ठी आणतो. मुलगी घरात गप्प बसते, अशी बापाने येऊन तक्रार केली, असं आजच घडलं. आणि आता दुसरं ऐका. ती फाइल तिने पाहिलेलीच नाही."

भगवंतराव खुर्चीत पुढे सरकले.

"अमृतरावांचं नाव निघालं, त्याच दिवशी ती इथे येऊन उभी राहिली. म्हणाली, हे आमच्या घरातल्यासारखे आहेत, ह्या कागदापासून मला लांब ठेवा. नव्या उमेदवाराने काम नाकारायचं म्हणजे छाती लागते. ती फाइल माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे."

दार उघडले. आवाज ऐकून प्रणिता बाहेर आली होती. वडिलांस पाहताच तिचा रंग उतरला.

"तुले काईच ठावं नवतं?" भगवंतरावांनी विचारले.

तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी होकार दिला तेव्हा ती म्हणाली, "नाई बाबा."

"मंग तसं काऊन नाई सांगतलं? मले मालूम नाई, येवढं म्हनली असती तं मी गप बसलो असतो. इतके दिवस काऊन माहा राग सोसला?"

"आज म्हनली असती, मले मालूम नाई," प्रणिता सावकाश म्हणाली. "उद्या दुसऱ्या कोनाचं मले खरंच मालूम असन, तवा काय म्हनू? खोटं तं बोलत नाई. गप बसली, का तुमी लगेच समजान, हिले मालूम हाय. मंग गप बसून बी सांगतल्यासारखंच झालं. म्हून मालूम असो का नसो, उत्तर एकच ठेवलं."

भगवंतरावांनी त्या वाक्यास मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिले, जसे ते वांगे कीड आहे का म्हणून फिरवून पाहत. कोठेही छिद्र सापडले नाही. ज्या पोरीस त्यांनी बोट धरून तामसीच्या शाळेत नेले होते, ती आज त्यांच्या बुद्धीच्या पलीकडच्या तीरावर उभी होती, आणि तेथूनही त्यांस बाबाच म्हणत होती. त्यांचा ऊर भरून आला.

"हे मी तिला शिकवलेलं नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग प्रणिताकडे वळून, "दिवाळीची वाट पाहायला नको. उद्यापासून नव्या वकालतनाम्यांवर माझ्या नावाखाली तुझं नाव घाल. आणि हैदराबादच्या अर्जातली ती तीव्र इच्छा पुसून टाक, मला सारखी आठवते."

प्रणिताने वाकून बाईंच्या पायांस हात लावला. भगवंतरावांनी डोळे सदऱ्याच्या बाहीस पुसले, आणि उठता उठता हमी दिली, "बाईसाहेब, मी इथं काई ऐकलंच नाई."

"असं नाही म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आत्ताच सांगितलं ना तिने, असो का नसो, उत्तर एकच."

दुसऱ्या दिवशी बाजारात अमृतराव आले. भगवंतरावांच्या जिभेवर एक अत्यंत सोयीचे वाक्य तयार होते. पोरीने फाइल पाहिलीच नाही, एवढे म्हटले असते तर मैत्रीही राहिली असती आणि वचनातूनही सुटका झाली असती. ते वाक्य त्यांनी गिळले. एवढे कडू काही त्यांनी आयुष्यात गिळले नव्हते.

"अमृता," ते म्हणाले, "ऑफिसचं मले इचारू नको. मी तिले इचारनार नाई, अन् तू मले इचारू नको."

"ऑफिस तुह्यं कवापासून झालं?"

"कालपासून."

अमृतराव ताडकन उठून गेले. कित्येक दिवस ते ह्या ओट्यावरून जाताना तोंड फिरवीत. मैत्री तुटते की काय, असे भगवंतरावांस वाटले. परंतु त्यांनी ते वाक्य बाहेर काढले नाही.

एके दुपारी अमृतराव आपण होऊन आले आणि रिकाम्या पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांनी एक भेंडी हातात फिरवली.

"माह्या वकिलानं चहाच्या टपरीवर सगळं बोलून टाकलं," ते म्हणाले. "मी कितीवर मानतो, कुठवर थांबतो, सगळं. पंकज्याले आयतंच मालूम पडलं. आता कशाची तडजोड करू?"

भगवंतरावांनी दोन चहा मागवले.

"तुह्या पोरीसारखा वकील पाह्यजे होता गड्या मले," अमृतराव म्हणाले. "इतके दिवस तुले शिव्या देऊन राह्यलो अन् माहाच वकील फुटका निघाला. पुढचं काईबी निंगालं तं पह्यले मी तिच्याच दारात येऊन उभा राहीन. सांगून ठेव तिले."

"तूच सांग. तिच्या ऑफिसात मी निरोप नेत नाई."

अमृतरावांस हसू आले. तेवढ्यात तराजूपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकीण बाईने, हे बोलणे अर्धवट ऐकून, कुतूहलाने विचारले, "तुमची पोरगी कोर्टात असते म्हनता. करते तरी काय नेमकं तिथं?"

भगवंतराव कंबर सरळ करून उभे राहिले. टोपी नीट केली.

"ते तिले बी इचारू नका, अन् मले बी इचारू नका," ते म्हणाले, आणि हे उत्तर त्यांनी असे खणखणीत दिले की बाजाराच्या त्या टोकापर्यंत सर्वांस ऐकू जावे.