ओट्याची उंची

विश्रांतवाडीत धम्मदीप ओव्हाळचं नाव काढलं की लोक आधी हवेत कणीक मळून दाखवतात आणि मग विचारतात, तोच ना? तोच. जुनी घरं आतून नवी करून द्यायचा त्याचा धंदा जोरात आहे, वारज्यापासून येरवड्यापर्यंत त्याच्या नावाचे टेम्पो फिरतात, आणि या सगळ्या भरभराटीच्या मुळाशी आहे ती हवेतली कणीक.

त्याचं असं झालं, की धंद्याच्या सुरुवातीलाच त्याने एक युक्ती काढली होती. स्वयंपाकघराचं काम आलं की घरात जो कोणी स्वयंपाक करत असेल त्याला तो समोर उभं करायचा आणि म्हणायचा, समजा परात पुढ्यात आहे, मळा. माणूस लाजत लाजत हवेत मळायला लागला, की हा गुडघ्यावर बसून जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत टेप धरायचा आणि त्यावरून ओट्याची उंची ठरवायचा. वारज्यातल्या एका निवृत्त न्यायाधीशांनाही त्याने असंच मळायला लावलं, कारण त्या घरात पोळ्या तेच करत. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला आणि कामांची रांग लागली. ‘ओटा घराच्या मापाचा नसतो, माणसाच्या मापाचा असतो,’ हे वाक्य त्याने गाडीच्या काचेवर लिहून घेतलं. जेवताना तो ते बायकोलाही ऐकवायचा. दीक्षा बँकेत दिवसभर लोकांचं ऐकून आलेली असायची. ती विचारायची, भाजी वाढू का?

तर अशा या माप घेणाऱ्या माणसाची आई, मुक्ताई, नवरा गेल्यापासून येरवड्याच्या खोलीत एकटी राहत होती. ती आपल्याकडे यावी म्हणून धम्मदीपने फार मिनतवाऱ्या केल्या. शेवटी ती म्हणाली, वर्षावासाच्या तीन महिन्यांपुरती येते. तुमच्या विहारात ग्रंथ ऐकीन, आणि आश्विन पौर्णिमेला सांगीन, राहते की जाते ते. येताना खोलीची किल्ली तिने पदराच्या गाठीला बांधून आणली.

आई कायमची राहावी याहून जास्त धम्मदीपला त्या वर्षी काहीच नको होतं. म्हणून तिच्या येण्याआधी त्याने घरचं स्वयंपाकघर पार उखडून नवं केलं. आईला भांडी घासायला लागू नयेत म्हणून भांडी धुण्याचं मशीन आणलं. मशीन ओट्याखाली मावेना, म्हणून ओटा वर घेतला. ओटा पांढराशुभ्र झाला, खालचे खण बोट लावलं की आवाज न करता मिटू लागले, आणि धम्मदीपने इतक्या कोनांतून फोटो काढले की स्वतःच्या लग्नातही काढले नसतील.

मुक्ताईने सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाली, छान आहे.

जन्म पुण्यात गेलेल्या माणसाला पुण्यातलं ‘छान आहे’ कळू नये, ही खरं तर दंड करण्यासारखी गोष्ट आहे. धम्मदीपने ते कौतुक समजून खिशात घातलं. मशीनमध्ये ठेवायच्या आधी आई भांडी स्वच्छ घासून घेते, हेही त्याने तिच्या टापटिपीच्या खाती जमा केलं. पुढे आईने भाकरी करणंच सोडलं. पोळीभाजी केंद्रातून आणते म्हणाली. तेव्हा तर हा मित्रांना सांगत सुटला, की आयुष्यभर राबली माझी आई, आता आराम करते.

भाकरी रोज संध्याकाळी फडक्यात गुंडाळून यायची, गरम. एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, ही केंद्रातली भाकरी अगदी तुझ्यासारखी आहे गं."

"हो, बाई बरी आहे त्यांची," मुक्ताई म्हणाली. दीक्षा मान खाली घालून ताटातलं मीठ शोधत राहिली.

पौर्णिमा तोंडावर आली, तशी आई एकेक साडी घडी करून पिशवीत ठेवू लागली. धम्मदीपने दोनदा विचारलं, इथं काही कमी आहे का? काही नाही रे, छान आहे सगळं, ती म्हणाली. रात्रंदिवस तो विचार करू लागला, की अजून काय बसवावं? चिमणी मोठी हवी का?

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतून काम आलं. हिराबाई नावाच्या नागपूरकडच्या बाई तिथल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहत. त्यांच्या आयटीतल्या मुलाने फोन करून सांगितलं होतं, आईचं किचन पूर्ण नवं करायचंय, येऊन बघून जा. धम्मदीप संध्याकाळी टेप घेऊन गेला. हिराबाईंनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीतूनच त्याला आतला काळ्या कडप्प्याचा ठेंगणा ओटा दिसला आणि त्याचं तोंड सुरू झालं. ते घराच्या उंबऱ्यावर आपोआपच सुरू व्हायचं.

"काकू, आधी हा ओटा उडवू. कोणी बांधला हो हा, बुटक्या माणसासाठी?"

आत फ्रिजच्या आडून थपथप असा आवाज येत होता, तो थांबला.

"बुटकीच आहे मी," मुक्ताई म्हणाली.

पदर खोचलेला, हात पिठाने भरलेले, समोर परातीत अर्धी थापलेली भाकरी. पोळीभाजी केंद्रातली ती बरी बाई त्याच्यासमोर उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धम्मदीपला वाटलं. पण फरशीचं काम पक्कं होतं.

हिराबाईंना वाटलं, लेकाला सगळं माहीतच असणार. त्या म्हणाल्या, "काहून तोडता जी ओटा? पोराचं नका ऐकू. मुक्ताताई रोज येतात, गोष्टी होतात. तुमच्या घरच्या ओट्यावर त्यांचा हात नाही पुरत म्हणतात. खांदा भरून येतो त्यांचा. मला फक्त नळ बदलून द्या."

धम्मदीप आईकडे बघत राहिला. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. आई बुटकी आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि तरीही माहीत नव्हतं. अख्ख्या पुण्याच्या कोपरांची मापं त्याला तोंडपाठ होती.

"मला सांगायचं नाहीस का?"

"काय सांगायचं? एवढं हौसेनं केलंस." मुक्ताईने भाकरी फिरवली. मग हात न थांबवता हळूच म्हणाली, "तो तुझा व्हिडिओ मीही बघितला होता, धम्मा. वाटलं होतं, मलाही एकदा उभं करशील."

त्याला भयंकर लाज वाटली, आणि वाईट तर त्याहून जास्त वाटलं. मग जे एकच काम त्याला नीट येत होतं ते त्याने केलं. गुडघ्यावर बसला आणि टेप उघडली.

"हवेत मळायला मी काय न्यायाधीश आहे?" मुक्ताई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. त्याने खऱ्या परातीवर खऱ्या कोपराचं माप घेतलं. टेपवरचे आकडे नीट दिसेनात, तेव्हा तो म्हणाला, धूर झालाय. चूल गॅसची होती.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचाच पांढराशुभ्र ओटा मधोमध कापला. मिस्त्री विचारत राहिले, साहेब, नक्की ना? भांडी धुण्याचं मशीन गॅलरीत गेलं आणि त्या जागी काळ्या कडप्प्याचा ठेंगणा तुकडा बसला. फोटो काढण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून मुक्ताई विहारातून आली. राहते की जाते, हे विचारायचा धीर धम्मदीपला झाला नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि किल्ली दीक्षाच्या हातात दिली. "त्या खोलीला भाडेकरू बघा एखादा," म्हणाली, आणि पीठ काढायला गेली.

आता गिऱ्हाइकं नमुना म्हणून घरचं स्वयंपाकघर बघायला येतात आणि विचारतात, ओट्याला मध्येच ही पायरी कशी? धम्मदीप घसा खाकरून सांगायला लागतो, की ही आमची नवीन डिझाईन आहे.

"चूक आहे ती त्याची," मुक्ताई भाकरी थापता थापता सांगते. "पण हात पुरतो."

गेल्या महिन्यात तिघींनी अगदी तसाच ओटा मागितला.