युसूफच्या भट्टीचा धूर

आधीच सांगून ठेवतो, धूर नव्हता. मी मस्करी केली होती.

माझं चहाचं हॉटेल आहे, एसटी थांब्याच्या समोर. बोर्डावर बायकोचं नाव आहे, 'सुभद्रा टी हाऊस', पण लोक 'बाबलीकडे' म्हणतात. चहा, कांदाभजी, काळ्या वाटाण्याची उसळ नि पाव. बसणाऱ्याला वर मस्करी फुकट. एका चतुर्थीला मी मुंबईवाल्यांना सांगितलं, यंदा विसर्जनाला ग्रामपंचायतीचं टोकन लागतं. बावीस माणसं रांगेत उभी राहिली. ग्रामसेवक बिचारा रजेवर होता, म्हणून दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

पाव युसूफचा. त्याच्या आजोबाने बांधलेली लाकडावरची भट्टी, मुसलमानवाडीच्या टोकाला. सकाळी सहाला तो सायकलवर टोपली घेऊन यायचा, बारा डझन माझ्याकडे टाकायचा, अर्धा चहा प्यायचा आणि पुढे जायचा. माझ्या मस्करीचं हक्काचं गिऱ्हाईक हाच. एकदा सांगितलं, आता प्रत्येक पावावर आधार नंबर छापावा लागेल. खरं मानून तो कुडाळला रबरी शिक्का करायला गेला होता. परत येऊन सगळ्यात मोठ्याने तोच हसला. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल होतो, तारीख ठरते आणि अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. हिंदू नि मुसलमान असं काही नाही. गाव देवाचा, मग गावात राहणारे सगळे बाहेर. माळावर झोपड्या घालायच्या, पत्ते कुटायचे, कोंबडीवडे खायचे. चौथ्या दिवशी मानकरी आणि गुरव तेवढे देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात. ओले तांदूळ पाषाणावर दोन्ही बाजूंना लावतात. उजवा आधी पडला तर देवाचा होकार, घरी चला. डावा पडला तर मुक्काम वाढला.

यात सगळ्यात जास्त नुकसान युसूफचं. माझं काय, शटर ओढलं की झालं. त्याची भट्टी विझली की पुन्हा रंगात यायला चार दिवस नि दुप्पट लाकडं. पण तो कधी कुरकुरला नाही. पळणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने विस्तव बाहेर ओढला, पाणी मारलं, राखेत हात फिरवून बघितला. मला हे माहीत आहे, कारण मी तिथेच बसून त्याची उरलेली खारी खात होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर नुसता कंटाळा. परशुरामच्या झोपडीसमोर आम्ही आठ-दहा जण बसलेलो. परशुराम म्हणजे आमचा मानकरी, त्याचं किराणाचं दुकान आहे. युसूफ बकऱ्यांना पाणी दाखवायला वहाळावर गेला होता. मी गावाच्या दिशेने कपाळावर हात धरला आणि म्हटलं, "रे, युसूफच्या भट्टीतसून धूर येता काय रे?"

सगळे उभे.

"खंय?"

"ता बघ. माडांच्या मागे."

"व्हय रे," एकजण म्हणाला. "बारीक येता."

"बारीक खंयचो," परशुरामची बायको म्हणाली, "काळो आसा."

मी हसू दाबून बसलो. म्हटलं, युसूफला येऊ दे, मग फोडतो. पण तेवढ्यात जेवणाची हाक आली, वडे गरम होते, आणि मस्करीचा शेवट करायचा राहून गेला.

चौथ्या दिवशी कौल डावा झाला. आमच्या आठवणीत असं झालं नव्हतं. पाचव्या दिवशी पुन्हा डावा. आता गंमत संपली. पोरं खोकायला लागली, कोंबड्यांचं खाणं संपलं, मुंबईवाल्यांच्या रजा संपल्या. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. दुपारी परशुराम आणि गुरव पुन्हा देवळात गेले, तासाभराने आले.

"देवाक इचारलंव," परशुराम म्हणाला, "काय चूक झाली आसा काय. उजवो दिल्यान. इचारलंव, गावात खंय उजो, इस्तव रवलो काय. उजवो." सगळे माना वळवून युसूफकडे बघायला लागले. "देवाचा म्हणणा, आता घरी चला. ज्याची चूक तेनी नारळ ठेवचो, चुकी कबूल करूची. बस. देव काय मारना नाय कोणाक."

युसूफला काही कळेना. "माझ्याकडे कित्याक बघतास?"

"तुझ्या भट्टीचो धूर दिसलो."

"कोणाक?"

"सगळ्यांनी बघलो. पयलो बाबलीन बघल्यान."

युसूफच्या तोंडावर एकदम हसू आलं. त्याला वाटलं, सुटलो. "बाबली? रे, बाबली थंयच होतो. मी विस्तव काढलंय तेव्हा हो खारी खाय होतो. सांग रे बाबली, तू बघलंस धूर?"

चारशे माणसं होती माळावर. पाच दिवस उघड्यावर झोपलेली. मी म्हटलं असतं की मस्करी केली, तर हे दोन दिवस माझ्या डोक्यावर फुटले असते. आणि नुसते दिवस नाहीत. देवाने उजवा दिला होता. मी खोटा म्हटल्यावर उजवा कसला होता, हे पण मलाच सांगावं लागलं असतं.

"माका तसा वाटला," मी म्हटलं.

युसूफ अजून हसतच होता. हसू तोंडावरून उतरायला वेळ लागला.

तो म्हणाला, चला, भट्टी बघा. तर सगळे सरळ गेले भट्टीकडे. परशुरामने दार उघडून आत हात घातला आणि लगेच काढला.

"गरम आसा."

"कोमट आसा," युसूफ म्हणाला. "आजोबान खाली वाळू नि मीठ घालून बांधलेली भट्टी ती. साठ वर्सां रोज पेटता. पाच दिसांत थंड जायत काय? आठ दिवस ऊब रवता हिच्यात. कोणाय भट्टीवाल्याक इचार."

पण गावात भट्टीवाला एकच होता.

नारळ त्याने ठेवला नाही. "करूक नाय ता कबूल कसा करू?" एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आमच्या गावात बहिष्कार वगैरे काही नसतं. तसलं कुणी बोललं पण नाही. बोलायचे सगळे, हसायचे, युसूफच्या घरच्यांना लग्नाची बोलावणी पण करायचे. फक्त पाव जरा कमी घ्यायचे. त्याच महिन्यात परशुरामने दुकानात कसालहून येणाऱ्या गाडीचे पाव ठेवायला सुरुवात केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सहाची लादी, मऊ. माझ्याकडे बसलेलं माणूस उसळीत बोट बुडवण्याआधी विचारायचं, "पाव कोणाचो रे?" मी मस्करीत म्हणायचो, "माझ्या सासऱ्याचो." पण दुसऱ्या दिवशी तो माणूस नुसता चहा घ्यायचा.

बारा डझनाचे मी आठ केले. मग पाच. एक दिवस युसूफला म्हटलं, दोनच टाक. त्याने विचारलं नाही का. टोपलीवर फडकं टाकलं आणि अर्धा चहा न घेता गेला. त्या दिवसापासून कसालची गाडी माझ्याकडे पण थांबायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याची बायको रुकय्या माझ्याकडे आली. हॉटेलात नाही, मागच्या दाराने, सुभद्रेकडे. भट्टी आता दिवसाआड पेटते म्हणाली. दिवसाआड पेटवली की लाकडं जास्त जातात आणि पाव बिघडतो, पाव बिघडला की लोक आणखी कमी घेतात. मला आत बसून सगळं ऐकू येत होतं. ती गेल्यावर सुभद्रा मला म्हणाली, "तोंड तुमचा. तुमीच निस्तरा."

मी परशुरामकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "परशुराम, तो धूर. मी धूर बघूक नाय. मस्करी केलंय."

तो वजनकाट्यावरचं पीठ पुसत होता. पुसतच राहिला.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला.

"म्हायत आसा?"

"तुका चष्म्याशिवाय समोरचो माणूस दिसणा नाय. माळावरना भट्टीचो धूर दिसलो तुका? चष्मो तुझ्या बायलेच्या पिशयेत होतो तेव्हा."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"कौल उजवो झालो, बाबली."

"पण मी सांगतंय मा, धूर नाय होतो."

"मगे देव खोटो बोललो?" त्याने फडकं झटकलं. "जा देवळात, गुरवासमोर उभो रव, नि सांग, देव खोटो बोललो. मी येतंय तुझ्यावांगडा. सांगतंस?"

मी दाराकडे वळलो.

"मगे तेका सांग नारळ ठेव. एक नारळ. मी देतंय दुकानातलो. लोकांच्या मनातला जायत, तेचो धंदो चलात, तू पण सुटतलंस. हट्ट तेचो आसा, आमचो नाय."

खरं सांगायला गेलो होतो आणि नारळ घेऊन बाहेर पडलो.

युसूफ भट्टीच्या पायरीवर बसला होता. पेटवलेली नव्हती. मी नारळ बाजूला ठेवला, शेजारी बसलो, आणि सगळं सांगितलं. धूर नव्हता, वडे गरम होते, माळावर माझी फाटली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"आता इलंस सांगूक?"

"आता इलंय."

"परशुरामाक सांगलंस?"

"सांगलंय. तेका म्हायत होता."

युसूफने नारळ उचलला, कानाजवळ हलवून बघितला. पाणी होतं. "म्हणजे तुका म्हायत आसा, तेका म्हायत आसा, माका म्हायत आसा. नि नारळ मी ठेवचो."

मी म्हटलं, धंद्याकडे बघ. रुकय्याकडे बघ. एक नारळ तर आहे. माझं तोंड असं चालतं, मी गाढवाला पण पटवू शकतो. त्याला पटवायला अर्धा तास पण लागला नाही.

सोमवारी गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाच-पन्नास माणसं होती. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराकडसून गावपळणीत जी काय चूक झाली, ती तेनी आज तुझ्या पायाशी कबूल केल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी पण म्हणालो.

"ती पदरात घे, नि तेच्या धंद्याक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

युसूफ हात जोडून उभा होता. परशुरामने त्याच्या पाठीवर थाप मारली. "संपला. कोणाच्या मनात काय नाय आता."

दुसऱ्या दिवशी सहाला टोपली आली, बारा डझन. मी कसालच्या गाडीला नको म्हणालो नव्हतो, तिचे पाव पण आले. म्हटलं, दोन्ही ठेवू. दहा वाजेपर्यंत टोपलीतले एक डझन पण गेले नाहीत. ओमकार आला, पर्यटकांना होडीतून फिरवतो तो. त्याच्या उसळीसोबत मी युसूफचे दोन पाव ठेवले. त्याने एक उचलून वास घेतला आणि परत ठेवला.

"गाडीचे दी रे."

"खा रे. ताजे आसत."

"ताजे आसत रे. पण शेवटाक कबूल केल्यान मा? इतके दिवस नाय नाय म्हणा होतो, नि शेवटाक कबूल केल्यान. असलो माणूस पावात काय घालता, काय नाय, कोणाक म्हायत."

"ओमकार, धूर नव्हतो. मी मस्करी केलंय. तेनी काय करूक नाय."

ओमकार एवढा हसला की चहा त्याच्या शर्टवर सांडला. "बाबली, तू काय सुधरूचंस नाय. माणसान देवळात नारळ ठेवल्यान, नि तू अजून गिऱ्हायकाक बनयतस." जाताना बाहेर उभ्या असलेल्या दोघांना पण सांगून गेला. ते पण हसले. मी मग गाडीचे पाव कापले आणि दुसऱ्या टेबलावर नेऊन दिले.

ऑगस्टमध्ये भट्टी बंद झाली. तळेऱ्याला कुणाची तरी नवी बेकरी आहे, विजेच्या भट्टीची, तिथे युसूफला काम मिळालं. दुसऱ्याच्या हाताखाली, पन्नाशीत. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी बॅग घेऊन तो माझ्याकडे आला, टेबलावर बसला आणि म्हणाला, "उसळ-पाव."

पाव गाडीचेच होते. मी ठेवले. त्याने एक दाबून बघितला, वर आला की नाही ते बघितलं, मग खाल्ला. दोन्ही खाल्ले.

"मऊ आसत," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "रुकय्याभाभी?"

"मागसून येतली. घराचा काय ता बघून."

मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बॅग उचलली.

"बस रे," मी म्हटलं. "नऊची गाडी बंद केल्यानी सोमवारपासून. आता साडेधाक येता."

युसूफने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी चष्मा घालून होतो, मला नीट दिसलं.

"बरा," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभा राहिला.

थांब्याला छप्पर नाही. ऊन निघालं होतं. माझ्या सहाही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी दारात येऊन दोनदा हाक मारली, "युसूफ, खराच सांगतंय रे." त्याने वळून बघितलं नाही. दीड तास तो रस्त्याच्या वळणाकडे बघत उभा होता. साडेदहाला गाडी आली.