पुन्हा रांगेत

"शाळेचा दाखला नाही," असे म्हणून आईने रिकामी फाइल कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीच्या फळीवर उघडी करून ठेवली.

"मग प्रवेशही नाही. आई, घरी जा. मागे रांग आहे."

खिडकीमागे बसलेल्या मुलीचा आवाज शेजारच्या खिडकीतल्या कारकुनापर्यंत जाऊ नये इतका खालचा होता. तरी तो गेलाच. टंकणारी त्याची बोटे थांबली.

आई हलली नाही. तिची उभी हयात लॉन्ड्रीत डाग काढण्याच्या टेबलावर गेली होती आणि मुरलेला डाग पहिल्या हाताला निघत नाही, हे ती जाणून होती. पण नव्या मालकाने त्या टेबलावर या कम्युनिटी कॉलेजचा रसायनांचा अभ्यासक्रम केलेलीच माणसे ठेवायचे ठरवले होते. उरलेल्यांनी घड्या घालायच्या. प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता.

"पंचविशी उलटलेल्यांना दाखल्याची अट नाही, चाचणी द्यायची," आई म्हणाली. "इथे नोकरी लागली तेव्हा तूच रोज घोकत होतीस. भांडी घासता घासता मलाही पाठ झालं."

"अगं, आईला मागच्या दाराने घेतलं म्हणतील. आणि नापास झालीस तर? माझंच नाक कापलं जाईल."

"नापास मी होणार आणि नाक तुझं कसं गं कापलं जाणार?"

"आई, हट्ट नको."

आईने हे म्हणणे शांतपणे तपासून पाहिले. वशिल्याच्या आरोपाला भिऊन मुलगी, वाटेवरच्या कोणालाही मिळणारी सवलत या एकाच बाईला नाकारत होती. अडचण पात्रतेची नव्हती, नात्याची होती. तेव्हा नाते वजा करणे भाग होते.

तिने फाइल उचलली आणि रांगेच्या शेवटी, एका रंगाऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

"काय मावशी, परत?" रंगारी म्हणाला. "आतल्या बाई भलत्याच कडक दिसतात."

"आईवर गेली असेल."

रांग सरकत गेली. दाखला रंगाऱ्याकडेही नव्हता.

"पंचविशी उलटलीय ना, काका? मग अट नाही. चाचणी द्या," मुलगी हसून म्हणाली. तो बाजूला झाला, मागे आई दिसली आणि ते हसू जागच्या जागी विरले.

आईने चष्मा नीट बसवला.

"नमस्कार, मॅडम. माझ्याकडे दाखला नाही. मला कोणता नियम लागू होतो, सांगता का?"

शेजारची बोटे पुन्हा थांबली. मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईने नजर हटवली नाही.

"पंचविशी उलटली असेल तर..." मुलीने चाचणीची चिठ्ठी लिहायला घेतली. "अट नाही. चाचणी द्यावी लागेल. वरच्या मजल्यावर, आत्ताच." तिने चिठ्ठी पुढे सरकवली, पण बोट तिच्यावरच राहिले. "नापास झालात तर पुढच्या सत्रात पुन्हा देता येते."

"हे कोणी घोकताना ऐकलं नव्हतं," आई म्हणाली आणि चिठ्ठी ओढून घेतली.

ती जिन्याशी पोचली तोच मागून हाक आली. प्रत्येक खिडकीत ऐकू जावी इतकी मोठी.

"आई! उजवीकडची खोली!"

सगळी रांग वळून पाहू लागली. आई तेवढी वळली नाही. निकाल लागेपर्यंत तिची इथे कोणाशी ओळख नव्हती. ती वर गेली आणि उजवीकडे वळली.