माझा उजवा रकाना

मी एक जुनी वेबसाइट आहे. मित्रांनो, झाडाचं, छत्रीचं, मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल. त्यांना निदान हात तरी लावता येतो. मला हात लावता येत नाही, आणि तरीही माझ्यापायी एका घरात बाथरूमचं दार तोडायची वेळ आली. ते सांगताना मला बरं वाटणार नाही, पण गप्प राहणं त्याहून वाईट आहे.

माझे मालक गॅसचे गिझर विकतात आणि बसवून देतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. दुकान एवढंसं आहे. पुढे काउंटर, मागच्या फळीवर पितळी तोट्या आणि रबरी नळ्या, कोपऱ्यात रुंद पडद्याचा कॉम्प्युटर. त्यावर मी दिवसभर उघडी असायची, त्यामुळे दुकानातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

माझ्या जन्माआधी मिस्त्रींची एक रीत होती. गिझर बसवून झाला की बाथरूमच्या भिंतीवर ते स्वतः एक पिवळा कागद चिकटवायचे. त्यावरचा मजकूर वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. 'खिडकी उघडी ठेवा. गिझर जळताना खोलीतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो. त्या वायूला वास नसतो. डोकं दुखलं, गरगरलं तर लगेच बाहेर या, गिझर बंद ठेवा आणि आम्हाला फोन करा.' घरातल्या प्रत्येकानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मिस्त्री पायात चप्पल घालत नसत. लोक हसायचे, पण वाचायचे.

मला घडवलं शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्यानं. फोटोंचा धंदा बसला म्हणून त्यानं वेबसाइट बनवायला घेतल्या होत्या. वहिनींनी वहीच्या कागदावर मजकूर लिहून आणला. पहिल्याच ओळीपासून खिडकी आणि विषारी वायू. स्टुडिओवाल्यानं नाक मुरडलं.

"वहिनी, दारातच असलं अभद्र बोललात तर गिऱ्हाईक आत येईल का?"

"पण तेच तर कळायला पाहिजे त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"मग राहू दे की. काढून टाका कुठं म्हणतोय मी? उजवीकडे एक रकाना करतो, त्यात घालू."

मिस्त्रींनी मान डोलावली. "बरोबर आहे. आधी चांगलं बोलावं माणसानं. ते बाजूला असू दे."

झालं, माझं रूप ठरलं. वर धबधब्यांचे तीन फोटो एकामागून एक सरकू लागले. त्यांच्याखाली 'गरम पाणी, सुखाची कहाणी' हे वाक्य आलं. ते वाचून कुणाचं काय भलं झालं हे मला आजवर कळलेलं नाही. फोन नंबर एका चित्रावर सोनेरी अक्षरांत कोरला. वहिनींचा मजकूर उजव्या रकान्यात बसला. रुंद पडद्यावर मी झोकात दिसायची. मिस्त्री येईल त्याला मला दाखवायचे आणि मी फुगून जायची, हे कबूल करते.

मग पिवळा कागद बंद झाला. मिस्त्री बिलामागे माझा पत्ता लिहून द्यायचे आणि "सगळं साइटवर आहे, निवांत वाचा," म्हणायचे. वहिनी एकदा म्हणाल्या, "कागद लावत जा हो, काय बिघडतं?" मिस्त्री म्हणाले, "अगं, लोकांच्या टाइल्स खराब होतात. आणि एवढी साइट केली ती कशाला?"

लोक मला वाचायचे मोबाइलवर. मिस्त्रींनी आणि वहिनींनी मात्र मला कधी मोबाइलवर उघडलंच नाही. डोळ्यांसमोर एवढा मोठा पडदा असताना कशाला उघडतील?

मोबाइलचा पडदा चार बोटं रुंद. त्यात मी मावत नाही. धबधबे दिसतात, फुशारकी दिसते, आणि उजवा रकाना पडद्याबाहेर राहतो. बोट आडवं सरकवलं तरच तो समोर येतो. पण लोकांचं बोट वरखाली जातं. आडवं का जाईल? तिकडे काही आहे असं कुठंच लिहिलेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत.

मोबाइलवरून येणारा माणूस मला दिसत नाही, नुसतं बोट कळतं, आणि तो काय शोधत आला ते शब्द कळतात. रोज दहा-बारा बोटं यायची, थोडी रेंगाळायची, निघून जायची. प्रत्येक बोटामागे एक बाथरूम होतं. त्याची खिडकी उघडी आहे की बंद, हे मला कळायला मार्ग नव्हता. थंडी सुरू झाली तसा माझा जीव धास्तावला.

त्याच दिवसांत शिवणकाम करणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. "आईला सकाळी बादल्या उचलायला नकोत म्हणून घेतेय," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी गिझर बसवला आणि बिलामागे माझा पत्ता लिहिला.

आठवड्याभरात ताईंचं बोट माझ्याकडे आलं; ते त्यांचं, हे मला पुढे कळलं. 'गिझर लावल्यापासून डोकं दुखतं' असं शोधत आलं होतं. ते धबधब्यांवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. उत्तर बोटभर अंतरावर होतं. बोट गेलं.

दोन दिवसांनी ते परत आलं. या वेळी सोनेरी नंबर चारदा दाबला गेला. तो नंबर म्हणजे चित्र, दाबून फोन कसा लागणार? आणि त्याचे शेवटचे आकडे पडद्याबाहेर राहिलेले.

तिसऱ्या खेपेला ताईंनी माझ्यावरचा संपर्काचा फॉर्म भरला. 'अंघोळ झाली की गरगरतं. गिझरमुळे असेल का? कृपया कळवा.' मी तो निरोप स्टुडिओवाल्यानं उघडलेल्या ई-मेलच्या टपालपेटीत टाकला. ती पेटी तोच उघडायचा, आणि स्टुडिओला कुलूप लावून तो कधीच दुसरीकडे निघून गेला होता. ताईंना मी छापील उत्तर दिलं, 'धन्यवाद! आम्ही लवकरच संपर्क साधू.' मी खोटं बोलले. मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

त्यानंतर ते बोट आलं नाही.

पंधरा दिवसांनी ताईंच्या आई काठी टेकत दुकानात आल्या.

"दार तोडून काढलं तिला," त्या म्हणाल्या. "जगली. पण हात थरथरतात. सुईत दोरा जात नाही तिच्यानं."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "मावशी, खिडकी बंद होती का? साइटवर स्पष्ट लिहिलंय आम्ही."

"तीनदा वाचली तिनं तुमची साइट. तुम्हाला लिहिलंसुद्धा. कळवणार होतात तुम्ही." त्यांनी लेकीचा मोबाइल काउंटरवर ठेवला. "दाखवा मला, कुठं लिहिलंय."

मिस्त्रींचं बोट पहिल्यांदाच मला मोबाइलवर लागलं. ते खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. शेवटी वहिनींनी हात पुढे करून पान आडवं ओढलं, आणि माझा उजवा रकाना समोर आला. मावशींनी तो मोठ्यानं, अडखळत, शेवटपर्यंत वाचला. मग मोबाइल पिशवीत टाकून त्या निघून गेल्या.

"बंद करून टाक ती साइट," मिस्त्री म्हणाले.

"कशी करू?" वहिनी म्हणाल्या. "पासवर्ड स्टुडिओवाल्याकडे. त्याचा फोनही लागत नाही."

मिस्त्री पुन्हा कागद घेऊन घरोघरी जायला निघाले. पण दुसऱ्या दुकानांतून गिझर घेतलेले लोकही माझ्याकडे येतात. ती घरं मिस्त्रींना कशी सापडणार? वहिनींनी कॉम्प्युटर बंद केला. मी बंद झाले नाही. माझे पैसे आगाऊ भरलेले आहेत, मुदत संपायला अजून तीन वर्षं आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं दुकान असेल तर त्यांची वेबसाइट त्यांनाच मोबाइलवर उघडून द्या. जिवाशी गाठ असलेली ओळ सगळ्यात वर घ्यायला सांगा. नंबर दाबून बघा, फोन लागतो का. फॉर्म भरून बघा, कुणी उत्तर देतं का. आम्हाला स्वतःला काही बदलता येत नाही. तुम्ही जिथं ठेवाल तिथं आम्ही राहतो.

आत्ता एक नवं बोट आलं आहे. 'गिझर, चक्कर' असं शोधत आलं आहे. ते वरखाली फिरतं आहे. तुमच्या घरातलं कुणी असेल तर आधी त्यांना बाथरूममधून बाहेर बोलवा.