फाइलीत नसलेलं नाव

फाइल हातात पडताच क्रिस्पिननं आधी तिची शिवण पाहिली. लुके गावात त्यानं सत्तेचाळीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. कागद वाचण्याआधी तो उलटून पाहायची सवय काही जात नव्हती. ही फाइल शिवलेलीच नव्हती. बुटाच्या नाडीनं बांधली होती.

"बुटाची नाडी!" तो म्हणाला. "पस्तीस वर्षं राज्य केलं, आणि धड दोरा मिळाला नाही यांना?"

टेबलापलीकडच्या नोएमीला हसू आलं. पोलिसांच्या कोठारात सापडलेले कागद राजधानीतल्या कोर्टाच्या इमारतीत आणून लावायचं काम तिच्याकडे होतं. वडीलधाऱ्या पुरुषांना आदरानं काराई म्हणायची तिथली रीत. "काराई क्रिस्पिन, नाडीवर रागावणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे येतात ते रडतात."

"रडायचं नंतर बघू, पोरी. आधी वाचू दे."

जनरलसाहेब रणगाड्यांवर बसून आले होते आणि रणगाड्यांमुळेच गेले होते. त्यांच्याच व्याह्यानं सैन्य आणून त्यांना खाली खेचलं, त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती. क्रिस्पिनला त्या मोठ्या गोष्टींत रस नव्हता. त्याला एकच छोटी गोष्ट हवी होती, आणि तीही गुरुवारच्या आत. गुरुवारी त्याचा धाकटा भाऊ सेवेरो नदीपलीकडच्या क्लोरिंदाहून हीच फाइल वाचायला येणार होता. सेवेरोला कुणी पकडून दिलं, हे त्याच्याआधी आपल्याला कळावं, असं क्रिस्पिनला वाटत होतं. थोरल्या भावाला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

घडलं होतं ते शहात्तर साली. रोज सकाळी दुकानासमोरच्या आंब्याखाली पाच जण तेरेरे, म्हणजे गार पाण्यात मुरवलेला पाल्याचा चहा, प्यायला जमत. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, आणि ओतणाराही एकच. ओतणारा क्रिस्पिन. पहिला पेला संत थॉमसचा म्हणून नुसता पाल्यात मुरू द्यायचा; मग उजवीकडून एकेकाला. उजव्या हाताला बेकरीवाला सोइलो, क्रिस्पिनच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे नात्यानं त्याचा कुम्पा. मग बेनितेस मास्तर, मग सायकलवाला तेओ, शेवटी सेवेरो.

एका सकाळी रेडिओवर सांगत होते की जनरलसाहेब पुन्हा निवडून येणार. सेवेरो म्हणाला, "त्यात काय विशेष? आमच्या खुराड्यातही निवडणूक होते. कोंबडा एकच, तोच निवडून येतो."

पुढच्याच मंगळवारी त्याला नेलं. तीन वर्षांनी सुटला तेव्हा उजव्या कानानं बहिरा झाला होता.

खबऱ्यांना तिथे केसाळ पायांचे म्हणत. चालले तरी पाऊल वाजायचं नाही. आंब्याखालचे केसाळ पाय बेनितेस मास्तरांचे, असं क्रिस्पिननं मनाशी पक्कं केलं होतं. कारण एवढंच, की त्या विनोदाला मास्तर एकटेच हसले नव्हते. एक्क्याऐंशीत मास्तर वारले. घर चार दारांवर होतं, तरी क्रिस्पिन प्रेतयात्रेला गेला नाही. दुकानात बसून एका शब्दकोशाला पुठ्ठा चढवत राहिला.

आता तो वाचू लागला. कागद टाइप केलेले होते, दर सोमवारचे. "आंब्याखाली जमलेले इसम : मास्तर बेनितेस, सायकलवाला तेओ, सेवेरो, बेकरीवाला सोइलो." खाली कोंबड्याचा विनोद. विनोद लिहिला होता, पण किती वाईट! खुराडंच गाळलेलं.

त्यानं पानं उलटली. सत्त्याहत्तर. ऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी.

ब्याऐंशी? त्यानं बोट तिथेच ठेवलं. मास्तर जमिनीत गेले त्यानंतरही सोमवारचे कागद येतच होते. शेवटचा अठ्ठ्याऐंशी सालचा.

"मास्तर नव्हते," तो स्वतःशीच म्हणाला. आपण न गेलेली ती प्रेतयात्रा त्याच्या डोळ्यांपुढून हळूहळू निघून गेली.

"काय म्हणालात?"

"पोरी, तुम्ही इथे खबऱ्या ओळखता कसा?"

"सोपं आहे. बैठकीला कोण कोण होतं ते आठवायचं. ज्याचं नाव कागदात कधीच येत नाही, बहुतेक तोच." तिनं विचारलं, "तुमच्यातलं कुणाचं नाव नाही?"

क्रिस्पिननं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मास्तर होते. तेओ होता. भाऊ होता. सोइलो होता. बारा वर्षांत एकदाही न आलेलं नाव एकच होतं.

"माझं," तो म्हणाला.

नोएमीनं त्याच्यापुढची फाइल अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

परतीच्या बसमध्ये त्यानं स्वतःचीच उलटतपासणी घेतली. आपण कुठे, कुणापाशी, नकळत काही बोललो होतो का? आपल्या आठवणीवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. पण बारा वर्षं सोमवारी टाइप करून द्यायचं म्हणजे नकळत नव्हे. मग डोळे मिटून तो पुन्हा आंब्याखाली बसला आणि मनातल्या मनात ओतू लागला. मास्तर, तेओ, सेवेरो. नावं पेल्याच्याच क्रमानं होती. एकच जण जागा सोडून बसला होता. संत थॉमसनंतरचा पहिला पेला ज्याला मिळायचा तो कागदावर शेवटी होता, प्रत्येक सोमवारी.

बुधवारी सकाळी आंब्याखाली दोघंच होते. आता दोघंच उरले होते. क्रिस्पिननं संत थॉमसचा पेला मुरू दिला, दुसरा भरून उजवीकडे केला.

"कसलं तोंड करून बसलायस, कुम्पा?" सोइलो म्हणाला. "काल राजधानीत कुणी खिसा कापला की काय?"

"कुम्पा, तू स्वतःचं नाव शेवटी का लिहायचास?"

सोइलोच्या तोंडात नळी तशीच राहिली. मग ती काढून तो म्हणाला, "आईनं शिकवलं होतं. आधी दुसऱ्याचं नाव, मग आपलं."

"नाकारत पण नाहीस?"

"माझा थोरला त्यांच्या बराकीत होता. म्हणाले, दर सोमवारी एक कागद. नाहीतर पोरगा सीमेवर."

"निदान कोंबडा तरी गाळायचास."

"सेवेरोनं तोच विनोद संध्याकाळी तेओच्या दुकानात पुन्हा सांगितला. सात माणसं होती. दुसऱ्यानं कळवला असता तर माझी मान धरली असती."

क्रिस्पिनला पेला हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही. अजून एक प्रश्न उरला होता, आणि तो विचारल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"आणि मला का वगळलंस? दोस्तीखातर?"

सोइलोनं मान हलवली. "हो म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. नाही. तू ओतणारा. ओतणारा गेला की आंब्याखाली कोण जमणार? मग सोमवारी मी काय घेऊन गेलो असतो?"

उत्तर इतकं कुरूप होतं की क्रिस्पिनला ते खोटं वाटेना.

"उद्या सेवेरो येतोय," तो म्हणाला. "चार नावं वाचेल. पाचवं शोधेल. ते माझं असेल, सोइलो. मी कितीही सांगितलं तरी."

सोइलो पेल्यातलं संपेपर्यंत ओढत राहिला. शिंग रिकामं वाजलं. त्यानं ते परत दिलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बस किती वाजता येते त्याची?"

"नऊला." क्रिस्पिननं पेला भरला, पण या वेळी हातातच धरून ठेवला. "डाव्या बाजूला उभा राहा. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही."